रुमाल टाकून जागा धरू नये

आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये स्विचांची एक अख्खी भिंत आहे. त्यांच्यावर फ्लॅटचे नंबर बिल्डरने ज्या शाईने घातले होते, ती शाई त्याच्या बाकीच्या आश्वासनांइतकीच टिकली. त्यामुळे तिथे जाऊन स्विच पाडणं हे थोडंफार ज्योतिषाचं काम आहे. गीझरवाल्याने आठवडाभर "निघालोच काका" म्हणून सांगितल्यावर मी एका दुपारी ते काम स्वतःच हातात घेतलं. उभा जन्म विमा कंपनीत दुसऱ्यांचे अपघात तपासण्यात गेला, की आपल्या हातून अपघात होत नसतो अशी माणसाची समजूत होते. खाली गेलो, चारशे चारचा मेन स्विच पाडला, जिना चढू लागलो. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी किंचाळल्यासारखं वाटलं. पण धायरीत दुपारी घरोघरी मालिका लागलेल्या असतात, किंकाळ्या येतच असतात. घरी येऊन स्टुलावर चढलो, गीझरचं झाकण काढलं, आत बोट घातलं, आणि मी पाडलेला स्विच चारशे चारचा नव्हता हे मला सर्वांगाने समजलं.

जमिनीवर बसून मी स्वतःची हाडं तपासतोय तोच दारावरची बेल वाजली. म्हणजे आमच्याकडे वीज होती हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. सरोजिनीने दार उघडलं आणि तिथूनच सांगितलं, "अहो, खालचा तीनशे चारमधला मुलगा आलाय. तुम्हाला उचलायला आलाय की आपटायला, ते त्यालाच विचारा."

सुदर्शन पतंगेची आणि माझी ओळख झाली ती अशी. किडकिडीत अंग, तिशी नुकतीच ओलांडलेली, आणि डॉक्टर लोक गळ्यात नळी घालतात तसा गळ्यात भलामोठा हेडफोन.

"काका, स्विच तुम्ही पाडला?"

"चुकून रे. तुझी लाइट गेली का?"

"लाइटचं काय नाही. सकाळपासूनचं गाणं गेलं."

"मग परत म्हण की!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या क्षणी आपण पुन्हा जमिनीवर असू असं मला वाटलं. पण तो हसला. खाली बसून माझा हात धरला, मला उठवलं, आणि तो म्हणाला, "म्हणायचं नसतं काका. करायचं असतं. या, दाखवतो."

त्याच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवला आणि आपण गोधड्यांच्या दुकानात आलो की काय असं वाटलं. चारी भिंतींवर वाकळा लटकत होत्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड टाक्यांच्या, गावाकडून आलेल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ("भिंतींना पांघरूण घालतो आणि स्वतः सतरंजीवर निजतो," हे सरोजिनीने पुढे काढलेलं अनुमान खरं निघालं.) मधोमध कॉम्प्युटर, शेजारी दोन काळे स्पीकर, आणि पडद्यावर रंगीत विटा रचल्यासारख्या पट्ट्या. एकेक वीट म्हणजे एकेक आवाज. तो त्या विटा इकडच्या तिकडे सरकवत दिवसदिवस बसे आणि त्यातून गाणं उभं राही. गायक नाही, पेटी नाही, तबला नाही. पाच हजार माणसं एका वेळी उड्या मारतील असं गाणं हा माणूस वाकळांच्या खोलीत एकटा, मांडी घालून, पोहे खात तयार करायचा.

सुदर्शन मूळचा हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा. त्याचे वडील तात्याराव एसटीत कंट्रोलर. स्टँडवरच्या खिडकीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे भोंग्यातून सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला घातलं. पोरगं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलं. नंतर ते कात्रजला एका डीजेच्या गोडाउनमध्ये स्पीकर उचलायला लागलं, मग ते स्पीकर लावायला लागलं, आणि शेवटी त्या स्पीकरांतून जे वाजतं ते बनवायला लागलं. गावाकडे तात्याराव एवढंच सांगत, "पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे." खोटं नव्हतं ते.

पहिली काही वर्षं त्याने मिरवणुकांसाठी हलगीचे मिक्स केले. या धंद्यात, गाण्यात मधूनमधून एखाद्या बाईच्या जाड आवाजात आपलं नाव घुसडून ठेवायची पद्धत आहे. कोणी चोरू नये म्हणून. मंडळंही तरबेज. ती नाव तेवढं कापून बाकीचं वाजवत. सुदर्शन सांगायचा, "एकदा लक्ष्मी रोडला माझंच गाणं माझ्या अंगावरून गेलं. मी नाचलोसुद्धा. शेजारच्याला म्हटलं, हे माझं आहे. तो म्हणाला, बाजूला हो, भावा, नाचू दे." त्याचं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं काम मात्र आमच्या गल्लीत रोज सकाळी येतं. लिंबं-कोथिंबीर विकणाऱ्या टेम्पोवर वाजणारी ती धून त्याचीच. गेली दोन वर्षं मी त्या धुनीला शिव्या देत होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. सरोजिनीने सांगितलं.

मग तो भूत झाला. हा शब्द माझा नाही, त्यांच्या धंद्यातला आहे. गाणं एकाने करायचं आणि स्टेजवर हात वर करून ते वाजवायचं दुसऱ्याने, त्याच्याच नावाने. करणाऱ्याला म्हणतात भूत. सुदर्शन ज्याचं भूत होता तो पुष्कर. शनिवार पेठेतल्या जुन्या घरातला, गोरागोमटा, वागायला लाघवी. स्टेजवरचं नाव 'पुश'. त्याला गाणं करता येत नव्हतं असं नाही. त्याला वेळ नव्हता. फोटो काढायचे असत, विमानं पकडायची असत.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"कशाचा, काका? तो दिसतो. मी दिसत नाही. दिसायला पण कोणीतरी लागतंच."

पण माझ्या हातून गेलेलं त्या दुपारचं गाणं वेगळं होतं. ते तो भूत म्हणून करत नव्हता.

तात्याराव निवृत्त झाले त्या दिवशी सुदर्शन वसमतला गेला होता आणि फलाटावर उभं राहून त्याने वडिलांच्या शेवटच्या ड्यूटीतल्या घोषणा मोबाइलवर घेतल्या होत्या. मागे गाड्यांची घरघर, पोरांची रडारड, शेंगावाल्याची आरोळी, आणि त्यातून खरखरत येणारा तो आवाज: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. वसमतहून नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." एवढं सरकारी. त्याच्यापुढे तात्यारावांची स्वतःची भर, आयुष्यभर बोललेली: "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये. धरलेली जागा धरलेली समजली जाणार नाही!"

एसटीत बसलेल्याला हे समजावून सांगायला नको. गाडी स्टँडात शिरायच्या आधीच लोक तिच्यामागे धावतात, खिडकीतून सीटवर रुमाल फेकतात, आणि मग निवांत दारातून चढून "रुमाल दिसत नाही का?" म्हणून आधी बसलेल्याला उठवतात. तात्यारावांनी या प्रथेशी एकट्याने लढाई केली. एकही रुमाल त्यांच्या सांगण्यावरून मागे गेला नाही.

सुदर्शनने त्या वाक्याभोवती गाणं रचलं. खालून ठोका चढत जातो, चढत जातो, आता काहीतरी फुटणार असं वाटतं, तेवढ्यात सगळं बाजूला होऊन तात्याराव येतात: "रुमाल टाकून जागा धरू नये!" आणि मग तो दणका. आमच्या वयाच्या माणसाचं काळीजच जागेवरून उठावं असा. मी स्विच पाडला तो नेमका या वाक्यानंतर. म्हणजे तात्याराव बोलले आणि एकदम अंधार, शांतता. चिडून मला मारायला वर येताना जिन्यातच त्याला वाटलं, की अरे, ही शांतता चांगली आहे. दुसऱ्यांदा गाणं केलं तेव्हा त्याने वाक्यानंतर लगेच दणका दिला नाही. आधी निखळ शांतता ठेवली, श्वास अडकेल एवढी. मी चारचौघांत सांगत सुटलो, की गाणं पोराचं, आवाज बापाचा, आणि शांतता माझी. सरोजिनी म्हणाली, "घरात कधी दिली नाहीत ती."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. भोंडल्याला आमच्या बायकांनी फेर धरला, त्याचा व्हिडिओ कोणीतरी नेटवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर बायका फिरतायत पण आवाज गायब. मागे कुठलंसं सिनेमाचं गाणं वाजत होतं म्हणून. सगळ्या जणी सुदर्शनकडे तक्रार घेऊन गेल्या. तो म्हणाला, "मावशी, तिथे माणूस नसतो, यंत्र असतं. ज्याने आधी नाव नोंदवलं त्याचं गाणं. नंतर आलेला चोर. यंत्राला एवढंच कळतं."

गाणं पुष्करला आवडलं. इतकं, की त्याने ते शहराबाहेरच्या मोठ्या फेस्टिवलमध्ये वाजवायचं ठरवलं. सुदर्शनने त्याला दोनच अटी घातल्या: नाव दोघांचं, आणि आवाज बाबांचा. पुष्कर म्हणाला, "अरे ऑफकोर्स, भावा! हे काय विचारणं झालं?" पोरगं त्या दिवशी बाहेरून थेट चार जिने चढून आमच्याकडे पेढे घेऊन आलं. "काका, बाबांना बोलावलंय. त्यांना मी आजवर काही दाखवू शकलो नाही. टेम्पोची धून काय दाखवणार? यात त्यांचाच आवाज आहे. हजारो माणसं ऐकणार. मग त्यांना कळेल मी काय करतो ते."

तात्याराव आले. पांढरा सफारी, पायांत पॉलिश केलेले बूट, खिशात घडी घातलेला इस्त्रीचा रुमाल. फेस्टिवलच्या दारात त्यांच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला तेव्हा म्हणाले, "दवाखान्यात ॲडमिट केल्यागत झालं." माझ्याही मनगटाला बांधला होता. त्या मैदानावर आम्ही दोघंच असे होतो की ज्यांच्याकडे पोरं आदराने आणि थोड्या काळजीने बघत होती. एकीने मला पाण्याची बाटली आणून दिली. "काका, बरं वाटतंय ना?"

सूर्य डोंगराआड चालला होता. पुष्कर स्टेजवर आला. मागच्या पडद्यावर घराएवढ्या अक्षरांत 'पुश'. सुदर्शनने अक्षरांच्या खाली बघितलं, बाजूला बघितलं. तात्याराव रांगेत उभं राहिल्यासारखे ताठ उभे होते. ठोका चढायला लागला. सुदर्शनने बापाचा दंड धरला. "बाबा, आता."

सगळं बाजूला झालं आणि आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पुण्याहून गोव्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये!"

गोल, गुळगुळीत, घोटलेला आवाज. नदीकाठच्या फ्लॅटच्या जाहिरातीत असतो तो. प्रत्येक ळ आणि ण जागच्या जागी. मागे घरघर नाही, शेंगावाला नाही. आणि मग शांतता. माझी शांतता मात्र त्यांनी होती तशी ठेवली होती. हजारो पोरं श्वास रोखून उभी, हातात रुमाल. ते त्यांना आधीच मोबाइलवर शिकवलेलं होतं. त्या शांततेत माझ्या शेजारून तात्यारावांचा आवाज आला, फलाटावर बोलतात तेवढाच स्पष्ट:

"हा मी नाही."

दणका बसला. रुमाल उडाले, पांढरे, लाल, चौकटीचे, आकाशच दिसेना. तात्यारावांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला, घडी न मोडता तोंड पुसलं आणि परत ठेवला.

स्टेजमागे पुष्कर घामाने निथळत होता. त्याने सुदर्शनला मिठीच मारली. "कसलं वाजलं ना! पब्लिक वेडं झालं, भावा!"

"आवाज कुणाचा होता?"

"हां, ते. गाणं काढणाऱ्या कंपनीचं म्हणणं पडलं, ओरिजिनल जरा रॉ वाटतो. खरखर होती रे. क्लीन करून घेतला."

"खरखर स्टँडच्या भोंग्याची होती. मी ठेवली होती ती."

"मला आवडायची ती, पर्सनली. पण मोठ्या सिस्टिमवर नाही बसत. आणि वसमत-नांदेड कुणाला माहितेय, सांग ना? गोवा म्हटलं की पब्लिक लगेच कनेक्ट होतं. बघितलंस ना?"

"आणि नाव?"

"येणार ना, नाव येणार. नेटवर टाकलंय ना गाणं, त्याच्या खाली. डिस्क्रिप्शनमध्ये." मग त्याचं लक्ष तात्यारावांकडे गेलं. घरचे संस्कार, लगेच वाकून पायांना हात लावला. "हे बाबा का? नमस्कार बाबा! आवडलं का?"

तात्यारावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गाडी वेळेवर सुटली," ते म्हणाले.

परतताना गाडी मी चालवत होतो. बापलेक मागे बसले होते. सिंहगड रोड लागला. मी आपला एक विनोद करून बघितला, तो वडगावच्या पुलाखाली पडून राहिला. शेवटी तात्याराव म्हणाले, "गोव्याची गाडी आपल्या स्टँडवरून सुटतच नाही."

"हो बाबा," सुदर्शन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनला कुठल्याशा लग्नाच्या लॉनवर स्पीकर लावायला जायचं होतं, म्हणून तात्यारावांना स्टँडवर मी सोडलं. ते फलाटावर उभे राहून वरच्या भोंग्याकडे बघत होते. घोषणा होत होत्या, यंत्रातल्या बाईच्या आवाजात. खिडकीतला कंट्रोलर मोबाइल बघत बसला होता. "आता बटण दाबत्यात," तात्याराव म्हणाले. मग जरा वेळाने, "साहेब, एक विचारू? हे पोरगं करतंय त्याला नोकरी म्हणत्यात का?"

"नोकरी नाही, तात्याराव. कला म्हणतात."

त्यांनी विचार केला. "मंग गावात कॉम्प्युटरच सांगतो."

गाडी लागली. चारपाच जण धावले, खिडकीतून रुमाल आत पडले. तात्याराव सगळ्यांत शेवटी चढले आणि मला दिसेनासे होईपर्यंत दांडी धरून उभेच होते.

त्यानंतर ते गाणं कुठे वाजलं नाही ते विचारा. रिक्षात वाजलं, जिममध्ये वाजलं, आमच्याच सोसायटीत एका मुंजीत वाजलं, आणि बटूच्या मामाने रुमाल उडवला तो सरोजिनीच्या आमटीत पडला. मी त्या मामाला बाजूला घेऊन सांगितलं, की अहो, हे गाणं आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचं आहे. तो म्हणाला, "हो का? आमच्याकडे पण एक मुलगा आहे असा." नेटवर गाण्याखालचं डिस्क्रिप्शन मी चष्मा बदलून बदलून वाचलं. फोटोग्राफरचं नाव होतं, केस कापणाऱ्याचं होतं.

मला राहवेना. माझ्या हाताला विजेची कामं करून चटक लागलेली. दुसऱ्याच्या आयुष्यातही एखादी वायर जोडून देऊ असं वाटायला लागतं. एका रविवारी खाली गेलो. सुदर्शन भिंतीवरची एक वाकळ उतरवून घडी घालत होता. थंडी सुरू झाली होती, पांघरायला लागणार, असं म्हणाला. कॉम्प्युटर बंद होता. टेबलावर टेम्पोवाल्याचा छोटा भोंगा पडला होता. कांदे-बटाट्यांसाठी नवीन धून हवी होती.

मी म्हटलं, "अरे, तू असा गप्प काय बसतोस? तुझ्याकडे मूळ गाणं आहे ना? तात्यारावांचा आवाज, ती खरखर, तो शेंगावाला, सगळं आहे. ते टाक की नेटवर, स्वतःच्या नावाने. फुकट तर असतं ते! लोकांना कळू दे खरं कुठलं आणि खोटं कुठलं. तात्यारावांनाही ऐकव. निदान त्यांच्या गावात तरी त्यांचाच आवाज वाजेल."

त्याने वाकळेची शेवटची घडी घातली, ती सतरंजीवर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"टाकलं होतं, काका, चोरीचं आहे म्हणून यंत्राने काढून टाकलं."